उरलेली गोळी

आबांनी मला गाड्यांपासून कायम लांब ठेवलं. ते एसटीच्या दापोडी वर्कशॉपमध्ये फिटर होते. संध्याकाळी मोरीत रॉकेलने हात चोळताना म्हणायचे, "हे काळं तुझ्या हाताला लागता कामा नये." मी ऐकलं. संगणक शिकलो, मिशिगनला आलो. पन्नाशीत नोकरी गेली आणि त्याच महिन्यात माझा जुना पिकअप पहिल्या गियरमध्ये अडकायला लागला. इंजिन नुसतं ओरडायचं. दुसरा गियर उशिरा, हिसका देऊन पडायचा. दुरुस्तीचा आकडा ऐकून घरी आलो आणि गाडी स्टँडवर चढवली.

रात्री अकराला आबांना व्हिडिओ कॉल केला. पुण्यात सकाळचे साडेआठ.

"क्लचचं पेडल नाही, मग गियर टाकतं कोण?"

"तेल टाकतं, आबा."

ते हसले. पण खरंच तसं आहे. ओल्ड्समोबिलच्या 1940 च्या मॉडेलमध्ये 'हायड्रा-मॅटिक' आला, तेव्हा गाडीत संगणक नव्हता. कधी कुठला गियर टाकायचा हे तेलाच्या दाबावरच ठरायचं. माझ्या पिकअपमध्ये हुकूम संगणक सोडतो, तरी क्लच दाबतं ते तेलच. ते कुठे वळवायचं हे व्हॉल्व्ह बॉडी ठरवते. ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यात नागमोडी वाटा, त्यात स्प्रिंगवर सरकणारे व्हॉल्व्ह आणि वाटाण्याएवढ्या पोलादी गोळ्या. तेल एका दिशेने मोकळं सोडायचं आणि उलट्या दिशेने बारीक भोकातून, हे त्या गोळ्यांचं काम.

एक व्हॉल्व्ह बोअरमध्ये चिकटला होता. धुऊन, पुसून, पुन्हा धुतला.

"जोर लावू नकोस," आबा म्हणाले. "ठोकळा तिरका धर. आपल्या वजनाने सरकला तर बरा झाला."

चौथ्या खेपेला सरकला.

गोळ्या व्हॅसलीनने जागेवर चिकटवल्या, प्लेट बसवली, बोल्ट मधून बाहेर या क्रमाने टॉर्क रेंचने आवळले. पहाटेचे दोन वाजले होते. पॅन उचलायला वाकलो तर ट्रेमध्ये एक गोळी.

मी ती मुठीत घेतली. सातांतली एक. नसली तर काय बिघडेल? कदाचित धक्का बसेल, कदाचित क्लच जळेल. कदाचित काहीच नाही. हात थरथरत होते. फोनकडे न बघता म्हणालो, "झालं, आबा."

"मुठीत काय आहे?"

दाखवली.

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "माझ्या गाडीत चाळीस माणसं बसायची. उरलं की मी खोलायचो. तुझ्या गाडीत कोण बसतं?"

माझी मुलगी त्याच महिन्यात गाडी शिकत होती.

सगळे बोल्ट पुन्हा सोडले. तेल कोपरापर्यंत ओघळलं. आबांचा चहा झाला, आंघोळ झाली, ते फोनसमोर परत येऊन बसले. शेवटचा बोल्ट आवळल्यावर म्हणाले, "हात दाखव."

दाखवले.

"लाल आहेत की."

"या तेलाचा रंगच लाल असतो."

"नखांत राहील. बेसन लाव."

दुसऱ्या दिवशी तेल भरून एक चक्कर मारून आलो. त्यांचा फोन आलाच.

"दुसरा पडला?"

"कळलाच नाही, आबा."

"मग नीट पडला," ते म्हणाले, आणि नोकरीचं विचारलं.