भाजी हिरवीगार आली म्हणजे जमीन सुधारली असं नाही

मंडळी, क्षारपड जमिनीचा विषय निघाला की हल्ली एकच सल्ला मिळतो : "शेणखत टाका, सगळं सुधारतं." कृष्णाकाठच्या आमच्या १० गुंठे क्षारपडात मी चार वर्षं भाजी करतोय, म्हणून लिहितो.

सल्ला खोटा नाही. जिथं मीठ फुटून तणसुद्धा धड येत नव्हतं, तिथं शेणखत, कंपोस्ट घातलं, पावसाळ्यात धैंचा पेरून फुलोऱ्यात गाडला. माती भुसभुशीत झाली, पाणी मुरायला लागलं. पालक आला, बीट आलं. घेवडा नाही आला, त्याला खारटपणा सोसत नाही.

पण खतानं मीठ नाहीसं होत नाही. ते पाण्याबरोबर खाली जाऊन शेताबाहेर पडावं लागतं. चर नसेल तर उन्हाळ्यात तेच मीठ पुन्हा वर. आणि जमीन चोपण असेल, म्हणजे सोडियम जास्त असेल, तर जिप्समही लागतं.

आता खरा मुद्दा. शेजारच्या ओढ्यात वरच्या अंगाला कारखान्याचं सांडपाणी येतं. मातीत शिसं, कॅडमियम असेल तर सेंद्रिय खत ते धरून ठेवतं, बाहेर काढत नाही. खत कुजून संपलं की पकड सैल. त्यात खारट जमिनीतल्या क्लोराईडमुळं कॅडमियम आणखी मोकळं होतं. आणि जो पालक खारटपणा सोसतो, तोच कॅडमियम पानात साठवतो. दिसायला मात्र हिरवागार!

२०१५ पासून मिळणाऱ्या मृद आरोग्य पत्रिकेत १२ तपासण्या असतात : नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मँगनीज, बोरॉन, सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब. शिसं नाही, कॅडमियम नाही. सगळे रकाने चांगले आले तरी भाजी खाण्याजोगी आहे का, ते कळतच नाही.

म्हणून ग्रामसभेत ठराव मांडतोय : ओढ्याचं पाणी आणि त्यावर भिजणाऱ्या शेतांची माती जड धातूंसाठी तपासा, खर्च शेतकऱ्यावर नको. अहवाल येईपर्यंत त्या तुकड्यातली पालेभाजी मी बाजारात नेणार नाही. काकडी-दोडक्यात हे धातू सहसा कमी उतरतात, पण तपासणी त्यांचीही व्हायला हवी.

आठवडे बाजारातली भाजी तुमच्याच ताटात येते. ठरावाला हात वर करायला तेवढे या.