जाळीचं कपाट

फ्रिज येण्याआधी आपल्या स्वयंपाकघरात दुधादुभत्याचा सगळा कारभार याच्या हाती असे. दूध, विरजण, लोण्याचा गोळा, दुपारची उरलेली भाजी, फडक्यात गुंडाळलेल्या भाकरी, सगळं याच्या पोटात. तीन बाजूंना तारेची जाळी, पाठीला फळ्या, मधे दोन खण आणि जमिनीपासून चांगले वीतभर उंच पाय. पाय पाण्याच्या वाट्यांत उभे. मुंगी पाण्याशी अडायची, मांजर दाराच्या खिटीशी. वाऱ्याला मात्र मज्जाव नव्हता. बंद राहूनही मोकळं असणं हा या कपाटाचा मूळ स्वभाव, आणि त्याला हात लावणाऱ्याने तो आधी ओळखावा असं मला मनापासून वाटतं.

आमच्याकडचं हे कपाट पुण्याच्या जुन्या बाजारातलं. अंगावर हिरवा ऑइलपेंट, जाळी गंजून भोकं पडलेली, एक पाय आखूड. "ताई, रंगाकडं बघू नका, एका हातानं उचलून दाखवा," विकणारा म्हणाला. उचललं गेलं नाही. खालच्या फळीची आतली बाजू नखाएवढी खरवडली, तर पिवळसर तपकिरी लाकूड दिसलं आणि चामड्यासारखा तेलकट वास आला. सागवान. सांध्यांत खिळा कुठेच नाही. एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसवून वरून खुंटी ठोकलेली. असे सांधे सैल झाले तरी सुटत नाहीत. चारही कोपरे दाबून पाहिले, कपाट जरासं कुरकुरलं, पण चौकट हलली नाही.

जुना रंग काढताना घाई नको आणि कोरडा पॉलिश पेपर तर मुळीच नको. पूर्वीच्या ऑइलपेंटमध्ये शिसं सर्रास असे. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाखांत 90 भागांवर जाऊ नये, हा नियम आपल्याकडे 2017च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या रंगाची धूळ उडवणं म्हणजे घरातल्या लहान मुलांच्या पोटात विष घालणं. हीटगनने भाजून रंग काढतात, तेही अशा रंगाला नको. त्याची वाफ नाकात जाते. म्हणून गॅलरीत, तोंडाला नीट बसणारा मास्क आणि हातात मोजे घालून, रिमूव्हर लावायचा आणि थांबायचं. थोड्या वेळाने रंगाला सुरकुत्या पडतात, तो फुगतो, आणि पट्टी तिरकी धरून ढकलली की त्याची अख्खी साल निघते. हिरव्याखाली आकाशी निघाला, आकाशीखाली साईच्या रंगाचा. दाराच्या कडेला, जिथे हात लागून लागून रंग झिजतो, तिथे तिन्ही थर एकमेकांशेजारी दिसत होते. दर रंगकामात भिंतीचा उरलेला डबा या कपाटाच्या वाट्याला आला असावा. सगळ्यांत खाली काळपट चॉकलेटी थर होता. त्यावर स्पिरिटचा बोळा टेकवला, तर तो चिकटला. म्हणजे ही लाख.

लाखेबद्दल माझं मत ठाम आहे: जुन्या सागवानाला तीच हवी. पळस, बोर, कुसुम या झाडांवरच्या बारीक किड्यांनी केलेली ही राळ. झारखंडात तिचं मोठं उत्पादन होतं. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची, मलमलच्या फडक्यात कापूस गुंडाळून बोळा करायचा आणि लाकडाच्या रेषेच्या दिशेने पातळ हात मारत जायचं. नवा हात जुन्या हातात विरघळून एकजीव होतो. म्हणून पुढे ओरखडा पडला, तर तेवढीच जागा दुरुस्त करता येते. मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशचं तसं नाही. ती कडक, देखणी, पण एकदा बिघडली की बहुधा सगळं खरवडायला लागतं. लाखेची खोड एकच, तिला पाणी आणि गरम भांडं सोसत नाही, लगेच पांढरा डाग उमटतो. म्हणून वरच्या फळीला, जिथे तांब्या ठेवला जाणारच, मी पीयू दिलं. आणि पावसाळ्यात लाख लावायची नाही. हवेतला ओलावा धरून ती धुरकट होते. दसऱ्यानंतरचं कोरडं ऊन बघून काम काढावं.

पायांनी मला जास्त थांबवलं. चारही पायांवर एकाच उंचीवर काळा पट्टा होता, वाटीतलं पाणी जिथपर्यंत येई तिथपर्यंत. पाण्यातलं लोह आणि लाकडातलं टॅनिन एकत्र आलं की असा काळा डाग धरतो. ऑक्झॅलिक ॲसिडच्या पाण्याने तो बराचसा जातोही. तीन पायांचा मी तसाच ठेवला. वर्षानुवर्षं पाण्यात उभं राहूनही ते सागवान आतून टणक राहिलं, हे त्या पट्ट्याइतकं दुसरं काही सांगत नाही. चौथा पाय मात्र चार बोटं कुजला होता. सुतारकाकांनी कुजका भाग तिरका कापला आणि जुन्या खिडकीच्या सागाचा तुकडा जोडला. इथे स्टेनची गरज पडली. तुकडा फिका दिसत होता, आणि रेषा आडवी कापलेल्या टोकाचं लाकूड स्टेन जास्त पितं, म्हणून तिथे आधी लाखेचा पातळ हात दिला. मग सागवानी स्टेनमध्ये किंचित काव मिसळून फडक्याने लावायचा, लगेच पुसायचा, वाळला की दिवसाच्या उजेडात बघायचा आणि रात्री दिव्याखाली पुन्हा बघायचा. दोन उजेडांत तोच रंग वेगळा दिसतो. बाकीच्या कपाटाला मी स्टेन लावलाच नाही. मुरलेल्या सागाला गडद करण्यात काय मिळवायचं?

पाठीच्या फळ्यांची गोष्ट निराळी. त्या केव्हातरी बदललेल्या, खोक्याच्या चिडाच्या, आतल्या बाजूला छापलेल्या काळ्या अक्षरांचा अर्धा तुकडा शिल्लक. त्यांना स्टेन लावून सागवानाचं सोंग आणणं मला पटलं नाही. चिडाच्या गाठींतली राळ रंगातून वर येते, म्हणून गाठींवर आधी लाख, मग प्रायमर, मग ऑइलपेंट. रंग निवडला तो मधल्या थरातला आकाशी. आतल्या अक्षरांवर ब्रश फिरवला नाही. आतले खणही तसेच उघडे ठेवले. स्पिरिटने पुसले, चार उन्हं दाखवली, तेव्हा कुठे जुन्या तुपाचा खवट वास उतरला. जिथे खायचं ठेवायचं, तिथे पॉलिशचा वास कशाला?

आता जाळी. बरेच जण अशा कपाटाची जाळी काढून काच बसवतात, आत दिवा लावतात आणि शोभेचे कप मांडतात. मला ते बघवत नाही. काच लावली की वारा अडतो, आणि वारा अडला की हे कपाट उरत नाही, नुसतं सागवान उरतं. मी जस्ताचा मुलामा दिलेली बारीक जाळी आणली, जुन्याच पट्ट्या साफ करून तिच्या कडेने बसवल्या. वरच्या खणात कांदे आणि लसूण, खालच्यात बटाटे. दोन्ही एकत्र ठेवले तर टिकत नाहीत, आणि बटाटा फ्रिजमध्ये गारठून गोड होतो. केळी आणि पिकायला ठेवलेले पेरू मधल्या फळीच्या कडेला. ही सगळी वाऱ्याची गिऱ्हाईकं, आणि यांची सोय फ्रिजपेक्षा हे कपाट चांगली करतं.