खारीचे आजोबा

नाहूर पश्चिमेला आमच्या गल्लीत माझ्या वडिलांचं, अप्पांचं, नाव फार थोड्या लोकांना ठाऊक आहे. इस्त्रीवाला, नाक्यावरचा चहावाला, गेटवरचे वॉचमन, सकाळी सायकलवरून पाव घेऊन येणारा पोऱ्या, या सगळ्यांसाठी ते ‘खारीचे आजोबा’. एल.बी.एस. रोडवरच्या एका कारखान्यात उभी हयात पाळ्या केलेल्या माणसाला निवृत्तीनंतर मिळालेली ही ओळख. ऑगस्ट 2024 मध्ये खारी गेली आणि 82 वर्षांच्या अप्पांनी जिना उतरणं बंद केलं. मी इथे लिहितोय ते खारीबद्दल आहे, पण त्याहून जास्त अप्पांबद्दल आहे. घरातलं कुत्रं गेलं की घरातल्या प्रत्येकाचं वेगळं काहीतरी जातं. अप्पांचं सगळ्यात जास्त गेलं होतं.

खारी आमच्याकडे आली 2011 च्या पावसाळ्यात. नाहूर स्टेशन तसं नवंच, 2006 मध्ये सुरू झालेलं. भांडुप आणि मुलुंडच्या मधलं, फक्त धीम्या गाड्या थांबणारं. स्टेशनबाहेर जिन्याखाली भिजलेलं पिल्लू टपरीवाल्यानं टाकलेली खारी खात बसलं होतं. अंगाचा रंगही तोच. माझी मुलगी तेव्हा दुसरीत होती. तिनं तिथेच नाव ठेवलं, आणि नाव ठेवल्यावर पिल्लू मागे सोडून येणं कुणाला जमलं नाही.

अप्पांनी सुरुवातीला काहीच म्हटलं नाही. आठवडाभरात तिला फिरवायचं काम त्यांनी आपल्याकडे घेतलं. कारखाना सुटल्यापासून त्यांना पहाटे जाग यायची आणि करायला काही नसायचं. आता पहाटेला अर्थ आला. गेटमधून बाहेर, इस्त्रीवाल्याच्या टपरीवरून नाक्यापर्यंत, तिथे अर्धा चहा, मग रेल्वेच्या पुलाकडे आणि परत. गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याच्या कामासाठी पत्रे लागले, रस्ता खणला, पुलापाशी चालायला जागा उरली नाही, तेव्हाही दोघांनी वाट बदलली नाही. पत्र्याच्या कडेकडेनं जायची. आई गेल्यानंतरच्या वर्षात अप्पा आमच्याशी फार बोलत नव्हते. त्या वर्षी त्यांना रोज दोन वेळा घराबाहेर काढलं ते खारीनं. आम्ही ‘अप्पा, जरा फिरून या’ म्हटलं असतं तर ते गेले नसते. ती दाराशी साखळी तोंडात धरून उभी राहायची, आणि तिला नाही म्हणणं त्यांना जमायचं नाही.

2024 च्या उन्हाळ्यात ती फार पाणी प्यायला लागली. आम्ही उकाड्यावर ढकललं. मग वजन उतरलं, तोंडाला उग्र वास येऊ लागला. रक्त तपासल्यावर क्रिएटिनिन खूप वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी समजावलं की म्हाताऱ्या कुत्र्यांमध्ये हा मूत्रपिंडाचा आजार सर्रास दिसतो, आणि रक्तात तो दिसू लागतो तेव्हा मूत्रपिंडाचं साधारण तीन चतुर्थांश काम आधीच थांबलेलं असतं. कुत्रं तोवर काही दाखवत नाही. बरं होणं नव्हतं, सुसह्य करणं होतं. खिडकीच्या ग्रिलला सलाइनची बाटली टांगायची, मानेमागची सैल कातडी चिमटीत धरून सुई घालायची. कातडीखाली पाण्याची गाठ येते आणि ती हळूहळू जिरते. हे सगळं अप्पांनी शिकून घेतलं. त्यांचा हात एरवी थरथरतो. सुई धरताना थरथरत नसे.

श्रावणाच्या शेवटी तिनं अन्न सोडलं, मग पाणीही. डॉक्टर घरी आले आणि म्हणाले, आता तिला मोकळं करायला हवं. हा निर्णय कुणी घ्यायचा, यावर आमच्या घरात वाद झाला नाही, पण बराच वेळ कुणी बोललंही नाही. शेवटी अप्पाच म्हणाले, “तिनं माझ्यासाठी कधी काही अडवून ठेवलं नाही. मी तिला कशाला अडवू?”

ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांच्यासाठी हे सांगून ठेवतो, कारण आम्हाला डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं म्हणूनच आम्ही उभे राहू शकलो. पहिलं इंजेक्शन गुंगीचं असतं. कुत्रं गाढ झोपतं. मग पुढच्या पायाच्या शिरेतून भूल देणाऱ्या औषधाचा मोठा डोस जातो. आधी श्वास थांबतो, पाठोपाठ हृदय. डोळे उघडे राहतात. नंतर एखादा श्वास घेतल्यासारखं अंग हलतं, तो स्नायूंचा खेळ असतो, तिला काही कळत नसतं. माझी मुलगी आता कॉलेजात आहे. तिला बाहेर थांब असं कुणी म्हटलं नाही. तिचा हात खारीच्या कानावर होता. मला ते योग्य वाटलं, आजही वाटतं.

अप्पांचं गाव संगमेश्वराकडचं. तिथे कुत्रं गेलं की परड्यात खोल खड्डा घेत, वर मीठ घालत, आणि कुणीतरी त्यावर दगड ठेवी. नाहूरमध्ये आपल्या मालकीची दोन हात माती कुणाकडे आहे? महापालिकेनं 2023 मध्ये मालाडला लहान प्राण्यांसाठी गॅसवर चालणारी मोफत दहनाची सोय केली आहे. पण राष्ट्रीय उद्यानाखालचे बोगदे व्हायचे आहेत, तोवर आमच्याकडून मालाड म्हणजे पवईला वळसा. अप्पा म्हणाले, “बैलघोड्याला नेऊ.” मुंबईची जुनी माणसं परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयाला याच नावानं ओळखतात. दीडशे वर्षांपूर्वी या शहराला बैलांची आणि घोड्यांची काळजी घ्यावीशी वाटली, त्यातून उभी राहिलेली ती वास्तू. शेजारच्या घरातल्या मुलानं आपली व्हॅन काढली. न विचारता काढली, हे महत्त्वाचं.

व्हॅनमध्ये घाटकोपर मागे पडल्यावर अप्पा अचानक जंजीरबद्दल बोलू लागले. मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातला हा लॅब्राडोर. मार्च 1993 च्या स्फोटांनंतर त्यानं शहरात आणि आसपास लपवलेलं तीन हजार किलोहून जास्त आरडीएक्स शोधून काढलं. कितीजणांचे जीव त्यातून वाचले याची मोजदाद होऊ शकत नाही. हाडांच्या कर्करोगानं तो नोव्हेंबर 2000 मध्ये गेला. वयानं जेमतेम आठ वर्षांचा. पोलिसांनी त्याला मानवंदना देऊन निरोप दिला. त्याच्यावर फुलं वाहणाऱ्या अधिकाऱ्याचा फोटो अप्पांनी पेपरात पाहिला होता. “सलामी दिली होती रे त्याला,” अप्पा म्हणाले, आणि मांडीवरच्या चादरीवर हात ठेवून गप्प झाले.

खारीनं असं काही केलं नव्हतं. ती फक्त तेरा वर्षं आमच्यात राहिली. पण त्या वाक्यातून अप्पांना काय हवंय ते मला कळलं. गेलेल्याला कुणीतरी गेलेला म्हणायला हवं, चारचौघांत आणि उभं राहून. आपल्याकडे माणूस गेला की ही व्यवस्था तयार असते. सुतक असतं, दहावा असतो, भेटायला येणारे असतात. सुतकाबद्दल मी तरुणपणी बरंच वाकडं बोललेलो आहे. आता वाटतं, इतर काही असो, पण सुतक दुःखी माणसाला दहा दिवस कामातून मोकळं करतं आणि शेजाऱ्यांना येऊन बसायला सांगतं. कुत्र्याचं सुतक नसतं. दुसऱ्या दिवशी रजेच्या अर्जात मी ‘वैयक्तिक कारण’ लिहिलं. काय कारण ते कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर काय उत्तर द्यायचं हे मला ठाऊक नव्हतं. केनेथ डोका नावाच्या अमेरिकी अभ्यासकानं 1989 मधल्या आपल्या पुस्तकात अशा शोकाचं वर्णन केलंय, ज्याला समाजाची मान्यता मिळत नाही, ज्याबद्दल उघड बोलता येत नाही, आणि म्हणून जो जास्त दिवस रेंगाळतो. ते मी नंतर वाचलं. अप्पांकडे पाहून त्याआधीच समजलं होतं.

परळहून आम्ही परत आलो त्या रात्री समोरच्या काकूंनी पिठलं-भात पाठवला. आमच्याकडे चूल पेटणार नाही हे त्या धरूनच चालल्या. डबा देताना म्हणाल्या, “घरातलं माणूस गेलंय, दोन घास खा.” माझी बायको दारातच रडली. तोवर ती रडली नव्हती.

पण अप्पा खाली उतरेनात. पहाटे उठत, कपडे करत, आणि खुर्चीत बसून राहत. मला वाटलं होतं गुडघे दुखत असतील. मुलीनं खरं काय ते सांगितलं. “बाबा, त्यांना सगळ्यांना सांगावं लागेल ना.” इस्त्रीवाला विचारणार, चहावाला विचारणार, वॉचमन विचारणार, आणि प्रत्येक वेळी तेच वाक्य तोंडातून काढायचं. त्या संध्याकाळी मी एकटा त्यांच्या वाटेनं गेलो आणि प्रत्येकाला सांगितलं. इस्त्रीवाल्यानं हातातली इस्त्री उभी करून ठेवली आणि गिऱ्हाईक थांबलेलं असताना स्टुलावर बसला. चहावाला म्हणाला, “तभी मैं सोचूँ, आजोबा क्यों नहीं आ रहे.” मी सगळ्यांना एवढंच विनवलं की अप्पा आले की विषय टाळू नका. तिचं नाव काढा.

मग गणपती आले. आमच्याकडे दीड दिवसाचा असतो. 7 सप्टेंबरला चतुर्थी होती. आणावा की नाही, हा प्रश्न अप्पांनीच काढला. गुरुजींना फोन केला. ते म्हणाले, प्राण्याचं सुतक नसतं, बाप्पाला आणा. अप्पांनी मान डोलावली. “आणायचा. आरास नको. समई, दूर्वा, जास्वंद, बस.” सजावटीच्या माळा माळ्यावरच राहिल्या.

गणपतीला आमच्याकडे अख्खी बिल्डिंग येते. जो येई तो चपला काढताना सवयीनं खाली बघे, कारण खारीला चपला पळवायची सवय होती. मग विचारी. दुपारपर्यंत आमचं घर दर्शनाचं कमी आणि भेटायला येण्याचं जास्त झालं. हातात मोदक घेऊन लोक तिच्या गोष्टी सांगत होते आणि त्यातल्या निम्म्या आम्हाला ठाऊकच नव्हत्या. तळमजल्यावरच्या आजींच्या दाराशी ती रोज दुपारी पाच मिनिटं बसून यायची म्हणे, आजी तिला पोळीचा काठ द्यायच्या. 2020 च्या टाळेबंदीत नोकरी गेलेला एक तरुण सांगत होता की त्या महिन्यांत दिवसातून एकदा तो ज्याला हात लावू शकायचा असा जीव फक्त खारी होती. कुणीतरी चांगल्या मनानंच म्हणालं, “शेवटी मुका प्राणी तो, अप्पा, किती मनाला लावून घ्यायचं.” समोरच्या काकू ताडकन म्हणाल्या, “नामदेव पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, ते काय उगाच?” अप्पा त्या दिवशी पुष्कळ बोलले. सलाइनबद्दल, शेवटच्या दिवसाबद्दल, फटाक्यांना घाबरून ती न्हाणीघरात बादलीमागे लपायची त्याबद्दल. मी त्यांना इतकं बोलताना आईच्या वेळीही पाहिलं नव्हतं.

विसर्जनाला ते खाली उतरले, आणि दुसऱ्या दिवसापासून पहाटे परत जाऊ लागले. दुःख संपलं म्हणून नव्हे. घरी येऊन कधी कधी ते साखळीच्या खुंटीकडे बघतात आणि जेवत नाहीत. तेव्हा आम्ही आग्रह करत नाही.

गेटवर काळ्या नावाचा भटका कुत्रा आहे, नसबंदी झालेला, कानाला खाच असलेला. खारीच्या फेरीत तो पुलापर्यंत बरोबर असायचा. ती गेल्यावर तो कितीतरी दिवस आमच्या जिन्याशी येऊन बसे. 26/11 च्या हल्ल्यात काम केलेली पोलिसांची कुत्री निवृत्तीनंतर विरारच्या एका फार्मवर राहायची. 2016 मध्ये मॅक्स, सुलतान आणि टायगर एकेक करून गेले, आणि मागे राहिलेला सीझर खिन्न झाल्याच्या बातम्या आल्या होत्या. त्या वर्षाच्या ऑक्टोबरात तोही गेला. काळ्याकडे पाहून मला त्या बातम्यांवर विश्वास बसला. आता अप्पा आणि काळ्या बरोबर चालतात, पण साखळीशिवाय, आणि अप्पांनी त्याला घरात आणायचा विषय काढलेला नाही.

‘दुसरं आणा’ असं सांगणाऱ्यांना मी शांतपणे नाही म्हणतो. ज्यांना लगेच आणावंसं वाटतं त्यांनी जरूर आणावं. अप्पांना अजून वाटत नाही, आणि 82 व्या वर्षी पिल्लाच्या पुढच्या तेरा वर्षांचा विचार त्यांच्या मनात येत असणार. तो आम्ही त्यांच्या तोंडून काढत नाही.

मध्यंतरी कांजूरमार्गला राहणाऱ्या आमच्या ऑफिसातल्या एका मुलाचा कुत्रा गेला. ऑफिसात तो नेहमीसारखा कामाला आला होता आणि कुणालाच काही बोलला नव्हता, मला दुसऱ्याकडून कळलं. घरी सांगितल्यावर अप्पा म्हणाले, “जाऊ या.” बायकोनं पिठलं-भाताचा डबा भरला. मुलगा दारात आम्हाला पाहून गोंधळला. ऑफिसचं काही काम आहे का, असं त्यानं विचारलं. अप्पांनी काठी भिंतीला टेकवली, सोफ्यावर बसले आणि म्हणाले, “नाव काय होतं त्याचं? कोणी ठेवलं?” मग काय खायचा, कुठे झोपायचा, शेवटी त्रास झाला का, हे सगळं एकेक करून विचारलं. मुलगा आधी तुटक बोलत होता. नंतर त्यानं फोन काढला आणि फोटो दाखवायला सुरुवात केली, पार पिल्लू असल्यापासूनचे. अप्पा चष्मा घरी विसरले होते, म्हणून तो प्रत्येक फोटोत काय आहे ते त्यांना सांगत बसला.