एकक बदलून पाहा

चौरसाची बाजू ४ सेमी घेतली की परिमिती १६ आणि क्षेत्रफळही १६. आठवीच्या वर्गात हे कुणाच्या तरी लक्षात येतंच, आणि हात वर होतो, "सर, दोन्ही सारखंच आलं!" मी त्या मुलाला आधी शाबासकी देतो, दोन सूत्रं शेजारी ठेवून पाहायची सवय मोलाची आहे. मग म्हणतो, आता बाजू मिलिमीटरमध्ये लिही. परिमिती होते १६० मिमी, क्षेत्रफळ १६०० चौमिमी. वहीतली एक रेघही हललेली नाही, पण सारखेपणा गेला. तो चौरसाचा नव्हताच, सेंटीमीटरचा होता. २ सेमी त्रिज्येच्या वर्तुळाचंही तेच: परीघ ४π, क्षेत्रफळ ४π, आणि तेवढ्यापुरतंच.

इतकी वर्षं भूमिती शिकवताना मी हीच कसोटी वापरत आलो आहे. एकक बदलल्यावर जे टिकतं, ते आकृतीचं.

'लीलावती'तलं मोर-सापाचं गणित बघा. नऊ हात उंच खांबावर मोर, पायथ्याशी बीळ, आणि खांबाच्या तिप्पट अंतरावरून, म्हणजे २७ हातांवरून, साप बिळाकडे निघालेला. दोघांचा वेग सारखा. गाठ पडते बिळापासून १२ हातांवर. हाताऐवजी फूट म्हणा, उत्तर १२ फूट. मापच काढून टाका: गाठ खांबाच्या उंचीच्या चार तृतीयांश अंतरावर. इथे एककाला काही काम उरत नाही. तरीही भास्कराचार्यांनी ग्रंथाच्या सुरुवातीलाच कोष्टकं दिली आहेत: २४ अंगुलांचा हात, चार हातांचा दंड, २००० दंडांचा क्रोश. मला यात विसंगती वाटत नाही. शेत, विटा, धान्याची रास मोजायची तर कोष्टक हवंच.

युक्लिडच्या ग्रंथात मात्र लांबीचं कुठलंच माप नाही. त्रिकोणाच्या कोनांची बेरीज तिथे १८० अंश नसते, दोन काटकोनांएवढी असते. १८० हा आकडा वर्तुळाचे ३६० भाग करण्याच्या रिवाजातून आला.

म्हणून उत्तराच्या शेवटी एकक न लिहिल्याबद्दल गुण कापायचा आणि मधल्या पायऱ्यांत त्याची चौकशीच करायची नाही, ही पद्धत मला पटत नाही. एकक पहिल्या ओळीपासून सोबत चालवलं तरच कामाला येतं. हेरॉनच्या सूत्रात अर्धपरिमिती s आणि (s−a), (s−b), (s−c) अशा चार लांबींचा गुणाकार असतो. त्याचं वर्गमूळ म्हणजे दोन लांबींचा गुणाकार, म्हणजे क्षेत्रफळ. परीक्षेच्या घाईत कुणी सुरुवातीचा s विसरला, तर आत तीनच लांबी उरतात आणि वर्गमूळ घेतल्यावर हाती येते दीड लांबी. असं क्षेत्रफळ जगात कुठेच नाही. सूत्र आठवत नसतानाही चूक पकडता येते. 2πr आणि πr² यांत गोंधळणाऱ्या मुलालाही मी हेच विचारतो: आत लांबी किती वेळा आली?

क्षेत्रफळात एकक खरं चावतं. मीटरचे १०० सेंटीमीटर, पण चौरस मीटरचे १०,००० चौरस सेंटीमीटर. हे पाठ असलेली मुलंही गुंठ्यापाशी अडखळतात. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद, १०८९ चौरस फूट. अर्ध्या गुंठ्याचा चौरस प्लॉट काढायला सांगितलं की बहुतेक जण बाजू साडेसोळा फूट धरतात. तो पाव गुंठा झाला. खरी बाजू सव्वातेवीस फुटांहून किंचित जास्त. ज्यांच्या घरी सातबारा आहे, ती मुलं इथे एकदम जागी होतात.

एका वर्षी, एकक आपल्या मर्जीनं निवडता येतं हे पटल्यावर, एका मुलीनं विचारलं, "मग असं एखादं एकक सापडेल का, की चौरसाची बाजू आणि कर्ण दोन्ही पूर्ण संख्येत येतील?" नाही सापडणार. कितीही बारीक एकक घ्या, नाहीच. बाजू आणि कर्ण पूर्ण संख्या आहेत असं धरून, त्यांचे सामाईक अवयव काढून टाकले, तरी दोन्ही सम निघतात. ही सिद्धता पुढच्या इयत्तांची म्हणून बाजूला ठेवायचं मला कारण दिसेना. ती आठवीच्याच फळ्यावर लिहिली.