साठीनंतर कराटे, तेही जैन बाईने?



गेल्या आठवड्यात मंदिराच्या पायऱ्यांवर एका बाईंनी मला थांबवलं. "वहिनी, तुम्ही म्हणे कराटे शिकता? आपल्या धर्मात चालतं का ते?" मागे उभ्या असलेल्या दोघी पदराआड हसल्या. मीही हसले. आत अभिषेक सुरू होत होता, त्यामुळे तिथे उत्तर द्यायला सवड नव्हती. म्हणून आज निवांत लिहायला बसले आहे.

हो, शिकते. वय 63, गुडघेही तेवढेच जुने. आमच्या देऊळगाव राजात पहाटे सहाच्या बॅचला मी पांढरा ड्रेस घालून जाते आणि सव्वासातला घरी येऊन पाणी गाळायला लागते.

याची सुरुवात तीन वर्षांपूर्वीच्या एका थंडीतल्या पहाटेची. मी तांदळाची डबी घेऊन मंदिरात निघाले होते. मागून मोटारसायकल आली आणि गळ्याला हिसका बसला. काय झालं ते कळेपर्यंत गाडी वळणापलीकडे गेली होती. अर्धी साखळी त्या मुलाच्या हातात गेली, अर्धी माझ्या ब्लाउजवर लोंबत राहिली. दहा पावलांवर दूधवाला पाठमोरा उभा होता. एक हाक मारली असती तर तो वळला असता. पण माझ्या घशातून आवाजच फुटला नाही. मी काय केलं, सांगू? रस्त्यावर सांडलेले तांदूळ वेचत बसले.

सोन्याचं एवढं दुःख नव्हतं. खरी गोष्ट पुढे भादव्यात घडली. दशलक्षण पर्वाचा पहिला दिवस उत्तम क्षमेचा. त्या दिवशी सभेत कुणीतरी माझं उदाहरण दिलं. "आपल्याच गावातली एक श्राविका, एवढं होऊनही तोंडातून एक वाईट शब्द काढला नाही. ही खरी क्षमा." सगळ्या बायका माझ्याकडे कौतुकाने बघू लागल्या. माझी मान खाली गेली. लोकांना तो विनय वाटला.

मी 1983 ची बी.कॉम. लग्नानंतर चाळीस वर्षं आमच्या कापड दुकानाची खातेवही मीच लिहिली. जी रक्कम गल्ल्यात आलीच नाही ती जमेला दाखवायची नसते, हे मला पक्कं माहीत आहे. त्या दिवशी माझ्या नावावर क्षमा जमा झाली होती आणि गल्ल्यात नुसती भीती होती. त्या मुलाला मी क्षमा केलीच नव्हती. मी घाबरले होते, इतकंच. त्यानंतर मी एकटीने पहाटे मंदिरात जाणं सोडलं होतं, हेही त्या सभेत कुणाला ठाऊक नव्हतं.

मग कराटे कुठून आलं? नातीमुळे. तिचा क्लास एका मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये भरायचा. मी तिला सोडायला जायची आणि भिंतीशी खुर्ची टाकून जपमाळ ओढत बसायची. उठताना "आई गं" म्हणायची. एकदा सर म्हणाले, "काकू, बसून बसूनच दुखतंय ते. मोठ्यांची बॅच सुरू करतोय, उभ्या तर राहून बघा." घरी विचारलं. हे वर्तमानपत्रातून मान न काढता म्हणाले, "पडू नकोस म्हणजे झालं." सूनबाई मात्र म्हणाली, "आई, तुम्ही जाच. चहाचं मी बघते."

बॅचमध्ये आम्ही नऊ जण. बँकेतल्या एका भावांची शुगर वाढली होती. एका प्राध्यापिकेला वर्षानुवर्षं पेपर तपासून पोक आलं होतं. ब्युटीपार्लरवाली एक मुलगी रात्री स्कूटीवर एकटी घरी जायची. सरकी-ढेपेचे एक व्यापारी पोट कमी करायला आले होते आणि तसं मोकळेपणाने सांगायचे. एक बाई नुकत्याच एकट्या पडलेल्या होत्या. त्या का आल्या ते त्यांनी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली. येताना प्रत्येकाचं कारण वेगळं असतं, वजन, शुगर, कंबर. तीन-चार महिने टिकला तो मात्र कारण विसरून येऊ लागतो. मोठ्या वयात आपल्याला काही नवीन शिकवतं तरी कोण? घरात, दुकानात सगळे आपल्यालाच विचारतात. इथे बँकेचे साहेब आणि मी एकाच रांगेत पांढरा पट्टा बांधून उभे, आणि दहा वर्षांची माझी नात शेजारून सांगते, "आजी, डावा पाय!" चुकायची मुभा मिळणं हे किती मोठं सुख आहे, ते मला साठीनंतर कळलं.

पहिले पंधरा दिवस सरांनी फक्त उभं राहायला शिकवलं. पाय किती अंतरावर, गुडघा किती वाकवायचा, भार कुठे. मग आली किआई. ठोसा मारताना श्वास सोडत पोटातून जोरात आवाज काढायचा, त्याला किआई म्हणतात. सगळ्यांचा निघाला, माझा निघेना. नुसती हवा यायची. सर म्हणाले, "काकू, दुरून जाणाऱ्या भाजीवाल्याला हाक मारता तशी मारा." मी म्हटलं, "आमच्याकडे ते काम सूनबाई करते."

हसण्यावारी नेलं खरं, पण रात्री झोप लागेना. घरात सासरे होते तेव्हा हळू बोलायचं, दुकानात गिऱ्हाईक असलं की हळू बोलायचं. त्यात लहानपणापासून भाषा समिती शिकलेली. हित, मित आणि प्रिय बोलावं. पण मित म्हणजे मोजकं, मुकं नव्हे! दहा पावलांवर दूधवाला असताना गप्प राहणं हे कुठल्या समितीत बसतं?

साधारण दोन महिन्यांनी एका सकाळी तो आवाज निघाला. इतका मोठा की झरोक्यातली कबुतरं फडफडून उडाली. मी आधी त्यांना मनातल्या मनात "मिच्छा मे दुक्कडं" म्हटलं आणि मग माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

आता धर्माचा प्रश्न. मी तो टाळणार नाही, कारण मलाही तो छळत होता.

आपल्या शास्त्रात हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत, संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. ठरवून, मारण्याच्या हेतूने केलेली ती संकल्पी, आणि तिचा त्याग श्रावकाला सांगितलेला आहे. स्वयंपाकपाण्यात होते ती आरंभी, धंद्यात होते ती उद्योगी. स्वतःच्या, कुटुंबाच्या रक्षणासाठी प्रतिकार करताना होते ती विरोधी. या तिन्ही गृहस्थाला पूर्ण सुटत नाहीत. त्या यत्नाने कमी करत राहायच्या. मुनींचं महाव्रत वेगळं, आपलं अणुव्रत वेगळं. म्हणजे अंगावर आलेला हात अडवायला शिकणं श्रावकाला वर्ज्य नाही. वर्ज्य आहे तो मनातला प्रमाद. तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्याच प्रमादापासून सुरू होते.

मग मी कराटेचंही थोडं वाचलं. ही विद्या जपानच्या दक्षिणेकडच्या ओकिनावा बेटांवरची. आम्ही शिकतो त्या शोटोकान पद्धतीचे जनक गिचिन फुनाकोशी, जन्म 1868 चा. ते लहानपणी अशक्त होते, प्रकृती सुधारावी म्हणून शिकले, आणि पेशाने शाळामास्तर! 1922 मध्ये त्यांनी टोकियोत प्रात्यक्षिक दाखवलं आणि तिथून ही विद्या जपानभर पसरली. 1957 मध्ये ते वारले तेव्हा 88 वर्षांचे होते. कराटे या शब्दाचा अर्थ रिकामा हात. त्यांची एक शिकवण आमच्या सरांनी पहिल्याच दिवशी सांगितली होती, की कराटेत पहिला वार आपला नसतो. दुसरी, की सुरुवातही नमस्काराने आणि शेवटही नमस्काराने.

मी शिकलेला पहिला काता, म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचाली, त्याचं नाव हेआन शोदान. हेआनचा अर्थ शांतता. त्यात 21 हालचाली आहेत आणि पहिली हालचाल ठोशाची नाही, अडवण्याची आहे. डावीकडे वळायचं आणि खाली येणारा वार हाताने बाजूला सारायचा. हे कळल्यावर मला पुष्कळ हलकं वाटलं. तरीही सरांना मी विचारून घेतलंच, "ग्लोव्हज चामड्याचे नाहीत ना?" ते रेग्झिनचे निघाले. समोरासमोरची लढत मी खेळत नाही, पण ग्लोव्हज घालून पॅडवर ठोसे मारते. पावसाळ्यात मैदानावरच्या गवतात सराव करत नाही, हॉलमध्ये करते. अष्टमी-चतुर्दशीला एकाशन असेल तर फक्त श्वास आणि सावकाश काता. कायोत्सर्गात आपण 27 श्वासोच्छ्वासांत नऊ वेळा णमोकार म्हणतो ना, त्या सवयीचा इथे फार उपयोग झाला. श्वासाकडे लक्ष द्या, असं सर इतरांना पुन्हा पुन्हा सांगतात, मला सांगावं लागत नाही.

शरीराचं म्हणाल तर यंत्राला घसारा लागतो तसा शरीरालाही लागतो. पाळी गेल्यावर बायकांची हाडं झपाट्याने विरळ होतात, स्नायू कमी होतात आणि मग बाथरूममधलं एक घसरणं खुब्यापर्यंत जातं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्याला निदान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते आणि 65 च्या पुढे आठवड्यातून तीन दिवस तोल आणि ताकदीचा व्यायाम. आपण बायका चालतो, पण तोलाचा व्यायाम कोण करतं? कात्यात सारखं वळायचं, एका पायावरून दुसऱ्यावर भार न्यायचा, वर क्रम लक्षात ठेवायचा. मला त्या 21 हालचाली बसायला चार महिने लागले. आज मी भिंतीला न धरता एका पायावर उभी राहून साडीचा परकर घालते. तरुण मुलींना यात काय विशेष ते कळायचं नाही, माझ्या वयाच्या मैत्रिणींना कळेल. आणि उशीर झाला म्हणणाऱ्यांनी ऐका. 2021 मध्ये टोकियो ऑलिंपिकला महिलांच्या कात्याचं सुवर्ण स्पेनच्या सँड्रा सँचेझने मिळवलं, तेव्हा ती 39 वर्षांची होती.

आता एक कबुली. मागच्या उन्हाळ्यात मी चिखलीहून एसटीने परत येत होते. गर्दी होती. देऊळगाव महीच्या अलीकडे माझ्या पुढे उभी असलेली कॉलेजची मुलगी सारखी अंग चोरत होती आणि मागचा माणूस सारखा पुढे सरकत होता. तिचा चेहरा मी ओळखला. तो माझाच चेहरा होता, तांदूळ वेचतानाचा. मी उठले, पाय रोवून त्या दोघांच्या मध्ये उभी राहिले आणि म्हटलं, "मागे व्हा!" एवढेच दोन शब्द, पण पोटातून. अख्खी बस वळली. तो माणूस मागे झाला आणि पुढच्या थांब्यावर उतरून गेला. मुलीला मी माझ्या जागेवर बसवलं. हात उचलावा लागला नाही.

घरी येईपर्यंत मी हवेत होते. ही गोष्ट चार जणींना सांगितली. चौथीला सांगताना तो माणूस अंगाने दुप्पट झाला होता आणि माझा आवाज तिप्पट! रात्री सामायिकाला बसले तेव्हा खरं दिसलं. बसमध्ये जे झालं त्यात पाप फारसं नव्हतं. नंतर जो मान चढला, तो कषाय होता, आणि त्याचं प्रायश्चित्त मला घ्यावं लागलं. भीती गेली की तिच्या जागी अहंकार येऊन बसायला बघतो. दार उघडं दिसलं की कुणीतरी शिरतंच. म्हणून तर क्लास संपताना वाकून नमस्कार करायचा असतो.

आपण जिजाऊंच्या सिंदखेड राजाच्या शेजारचे. दर 12 जानेवारीला मुलींकडून त्यांच्यावर भाषणं पाठ करून घेतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच मुलींना सांगतो, "हळू बोल." मी नातीला ते सांगणं बंद केलं आहे.

कुणाला सुरू करायचं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, विशेषतः बीपी आणि गुडघ्यांसाठी. उड्या मारू नका. पहिल्याच आठवड्यात लढतीला उभं करणाऱ्या क्लासला जाऊ नका. आणि सहा महिने तरी पट्ट्याच्या रंगाचा विचार करू नका.

आता पायऱ्यांवरच्या त्या बाईंचं उत्तर. जे आपल्याकडे नाहीच त्याचा त्याग कसा करणार? उपाशी माणसाचा उपवास धरत नाहीत. तसंच ज्याला अडवताच येत नाही, त्याच्या गप्प बसण्याला अहिंसा म्हणताना मला आता संकोच वाटतो.

यंदा अनंत चतुर्दशीनंतर क्षमावाणीला सगळ्यांची क्षमा मागून झाली. मग मी डोळे मिटून त्या मोटारसायकलवरच्या मुलाला आठवलं. त्याचा चेहरा मी पाहिलाच नव्हता, फक्त पाठ आठवते. त्याला म्हटलं, "बाळा, क्षमा केली." या वेळी ती नोंद खरी होती. दुसऱ्या दिवशी पहाटे मी एकटी मंदिरात गेले. डबीत तांदूळ होते, दूधवाल्याला "जय जिनेंद्र" म्हटलं. तो दचकला. जरा मोठ्यानेच म्हटलं गेलं होतं.

जय जिनेंद्र.