रिकामी चौकट

गेल्या मे महिन्यात माझ्या लेकीनं माझी कादंबरी मोडायला काढली. जुनं घर मोडतात तशी. आधी कौलं, मग वासे, मग भिंती. आणि मी ओसरीवर बसून पाहत होतो. तुम्ही म्हणाल, लेखक असा निमूट कसा बसला? सांगतो.

मी तालुक्याच्या गावी चित्रकलेचा मास्तर आहे. शिक्षण मॅट्रिक. हल्ली सगळे दहावी म्हणतात. पण आमच्या आजोबांच्या तोंडी मॅट्रिक होतं आणि त्या शब्दाला जरा वजन आहे, म्हणून मी तोच वापरतो. त्यावर चित्रकलेची दोन वर्षं काढली, नोकरी लागली, आणि फावल्या वेळात तीन कादंबऱ्या लिहिल्या. पहिलीच्या शंभरएक प्रती अजून आमच्या माळ्यावर आहेत. दिवाळीची साफसफाई निघाली की त्या खाली येतात, झटकल्या जातात आणि सन्मानानं पुन्हा वर जातात.

लेक सोळा वर्षांची. ती कॉम्प्युटरवर खेळते. मार्चमध्ये, परीक्षेच्या तोंडावर, मी तिला नको ते बोललो. गोळ्या झाडायला कसली अक्कल लागते, असं काहीसं. ती आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी तिनं माझ्यापुढे खुर्ची ओढली. "बाबा, बसा. तुम्ही मला तुमची पुस्तकं वाचायला लावलीत ना? आता तुम्ही हे वाचा."

'वाचा' म्हणाली ती. 'खेळा' म्हणाली नाही.

पडद्यावर पृथ्वीचा गोल होता आणि मजकूर होता. ज्यूल व्हर्नच्या ऐंशी दिवसांतल्या पृथ्वीप्रदक्षिणेवर बेतलेला '८० डेज' नावाचा खेळ. इंकल या इंग्लंडमधल्या छोट्या मंडळीनं तो २०१४ मध्ये काढला. मजकूर मुख्यत्वे मेग जयंत या लेखिकेचा. भा. रा. भागवतांमुळे व्हर्न आम्हांला घरचाच. त्याच्या कादंबरीत फॉग साहेबाचा नोकर पासपार्तू मुंबईला उतरतो, मलबार हिलवरच्या देवळात बूट घालून शिरतो आणि पुजाऱ्यांचा मार खाऊन अनवाणी स्टेशनकडे धूम ठोकतो. लहानपणी ते वाचताना 'अरे, बूट काढ, बूट काढ!' असं मी मनात ओरडलो होतो. ते त्याला कुठून ऐकू जाणार? या खेळात तो नोकर आपणच. कुठून जायचं, काय बरोबर घ्यायचं, साहेबाची मर्जी कशी राखायची, वाटेत भेटलेल्या माणसाला काय विचारायचं, सगळं आपल्या हाती. आणि ती भेटलेली माणसंही आपल्यासाठी ताटकळत उभी नसतात. त्यांना त्यांचे उद्योग असतात. पुष्कळदा ती आपल्याला भीकही घालत नाहीत. हे मला फार आवडलं.

"यात किती शब्द आहेत, ठाऊक आहे?" लेकीनं विचारलं. "पाच लाखांहून जास्त. आणि एका फेरीत त्यांतले अगदी थोडे दिसतात."

मी गार झालो. माझ्या तिन्ही कादंबऱ्या एकीवर एक ठेवल्या तरी दीड लाखाच्या आतच राहतील. न वाचला जाणारा मजकूर म्हणजे काय, हे माळ्यावर शंभर प्रती असलेल्या माणसाला कुणी सांगायला नको. पण बहुतेकांच्या नजरेला पडणार नाही हे ठाऊक असून कुणी जीव ओतून लिहितं, हे माझ्या कल्पनेपलीकडचं होतं. फळ्यावर हिशेब करून पाहिला. दर वळणावर दोन वाटा ठेवल्या, तर दहा वळणांनंतर १,०२४ शेवट लिहावे लागतात. कोण लिहिणार? म्हणून हे लोक युक्ती करतात. फुटलेल्या वाटा थोड्या पुढे पुन्हा एका चौकात आणून सोडतात. मात्र तुम्ही कुठल्या वाटेनं आलात ते खेळ ध्यानात ठेवतो आणि तीन प्रकरणांनंतर कुणीतरी त्याची हळूच आठवण काढतं. लग्नघरातल्या म्हाताऱ्या बायका असंच करतात.

दुसरी कटकट पहारेकऱ्याची. दारातल्या शिपायापुढून खेळणारा वीस वेळा जातो. विसाव्या वेळीही तो तेच वाक्य बोलला तर खेळाची कळाच जाते. म्हणून त्या एका शिपायासाठी लेखक दहा-वीस वाक्यं लिहितो. आमच्या शाळेचा शिपाई एकोणीस वर्षं एकच वाक्य बोलत आला आहे. पण त्याला कुणी हरकत घेतलेली नाही.

मग मी लेकीच्या मागे लागून या विद्येचं मूळ शोधलं. ते एका बापापाशी निघालं. अमेरिकेतला विल क्राउदर हा प्रोग्रॅमर आणि त्याची बायको पॅट्रिशिया, दोघांनाही गुहा हिंडण्याचं वेड. केंटकीतल्या मॅमथ केव्हच्या परिसरातल्या अंधारात सरपटत जाऊन नकाशे करणारी ही माणसं. १९७२ मध्ये शेजारच्या फ्लिंट रिजच्या गुहांची मॅमथ केव्हशी आतून गाठ पडली, तेव्हा त्या तुकडीत पॅट्रिशिया होती. पुढे दोघं विभक्त झाली. एकट्या पडलेल्या क्राउदरनं १९७५-७६ च्या सुमाराला आपल्या दोन मुलींना खेळायला म्हणून त्या गुहेचा एक खेळ लिहिला. चित्र एकही नाही. दोन-चार ओळी येत: रस्ता कुठे संपतो, ओढा कुठे वाहतो, खाली जायचं भोक कुठे आहे. मुलींनी एक-दोन शब्द टाइप करायचे आणि पुढे सरकायचं. १९७७ मध्ये डॉन वुड्स यानं त्यात भर घातली आणि तो कॉम्प्युटरवाल्यांमध्ये सर्वत्र पसरला. पण माझं मन गुंतलं ते त्या पहिल्या ओळींत. जिथं चित्र नाही तिथं बापानं मुलींना शब्दांचा हात धरायला दिला. विशेषणांची आरास करून चालणार नव्हतं. वाचणाऱ्याला त्या ओळींतून चालत जायचं होतं. मी पानपानभर सूर्योदय लिहिलेले आहेत. त्यांतून कुणी कुठं जाऊ शकलं असेल असं मला वाटत नाही.

आणखी एका माणसानं मला धीर दिला. एस्टोनियाचा रॉबर्ट कुर्विट्झ. २०१३ मध्ये त्याची कादंबरी आली, फारशी खपली नाही. (हे वाचून मला झालेला आनंद सज्जनपणाचा नव्हता.) कादंबरीत उभं केलेलं तेच जग घेऊन त्यानं आपल्या सोबत्यांसह 'डिस्को एलिझियम' हा खेळ केला, २०१९ मध्ये तो जगभर गाजला. त्यात स्मृती गेलेल्या एका पोलिस अधिकाऱ्याच्या डोक्यातली तर्कबुद्धी, भीती, कल्पनाशक्ती असे चोवीस गुण आपापसांत भांडतात. आमच्याकडेही हे लोण आलं आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० मध्ये 'राजी' काढला. त्यात असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधत बहीण एकटी निघते आणि तिची कथा दुर्गा आणि विष्णू बोलता बोलता सांगतात.

बहीण भावासाठी निघते. इथवर आल्यावर लेक म्हणाली, "तुमची पहिली कादंबरी हीच तर आहे. मी तिचा खेळ करू?"

ट्वाइन नावाचं एक फुकट मिळणारं साधन आहे. ख्रिस क्लिमास यानं ते २००९ मध्ये तयार केलं. त्यात मजकुराच्या चौकटी पाडायच्या आणि रेघांनी जोडायच्या. लांबून पाहिलं तर ठिपक्यांची रांगोळी. माझ्या कादंबरीची रोज थोडी थोडी अशी रांगोळी होऊ लागली.

तिसरं प्रकरण निघालं. एका परीक्षणात त्याचीच तेवढी वाखाणणी झाली होती. थोरली बहीण शाळा सोडून मुंबईला, नातेवाइकांच्या घरी कामाला चालली आहे. धाकट्याची फी भरता यावी म्हणून. पहाटे पत्र्याची पेटी घेऊन ती दारात थांबते, झोपलेल्या भावाकडे पाहते आणि निघून जाते. लेकीनं खेळणाऱ्याला त्या भावाच्या जागी बसवलं होतं. पुढे दोन वाटा: 'झोपून राहा' आणि 'ऊठ'. पहिलीखाली माझं प्रकरण जसंच्या तसं. दुसरीखाली रिकामी चौकट.

"तो उठला तर आत्या काय म्हणेल?"

"आत्या नव्हे, कादंबरीतली बाई."

"तेच ते. लिहा तुम्ही."

तीन दिवस मला एक अक्षर सुचलं नाही. मग ताईला रडवलं. लेक म्हणाली, "हे तुमच्या सोयीचं झालं." मग तिच्या तोंडी शिक्षणाच्या महतीवर चांगला परिच्छेद घातला. "इथं खेळणारा न वाचताच पुढचं बटण दाबणार," लेक म्हणाली. खरं म्हणजे मला ते सुचणार कुठून? त्या पहाटे मी जागा होतो. नऊ वर्षांचा होतो आणि डोळे घट्ट मिटून पडलो होतो. उठलो असतो तर कदाचित ती गेली नसती. तिच्या कष्टांवर शिकून मी कुठवर गेलो, तर मॅट्रिक. हे कादंबरीत नाही. घरातही मी कुणाला कधी सांगितलं नव्हतं.

गणपतीला ताई आली. लेकीनं मोदकांची ताटं बाजूला सारून कॉम्प्युटर तिच्यापुढे ठेवला. ताईनं चष्मा लावला, सावकाश वाचलं, 'ऊठ'वर बोट ठेवलं आणि रिकाम्या चौकटीकडे पाहत राहिली.

"हा जागाच होता," ती म्हणाली. माझ्याकडे तिनं पाहिलंही नाही.

"तो उठला असता तर तू काय म्हणाली असतीस, आत्या?"

"काय म्हणणार? चुलीवर दूध ठेवलंय, तेवढं बघ म्हटलं असतं."

"एवढंच?"

"एस.टी.ची वेळ झाली होती गं."

त्या दिवशी दूध उतू गेलं होतं. करपल्याचा वास अंथरुणापर्यंत आला होता, तरी मी उठलो नव्हतो. आणि मग आईनं आम्हां दोघांनाही, एक घरात नसताना, बोल लावला होता.

लेकीनं ताईचं वाक्य चौकटीत जसंच्या तसं टाकलं. मग त्या चौकटीतून खाली दोन रेघा ओढल्या. एकीवर लिहिलं 'दूध उतरव', दुसरीवर 'तिच्यामागे जा'.

"बाबा," ती म्हणाली, "आता या दोन."