एका नावाचे बारसे

आमच्या घरी गेल्या श्रावणात एक बारसे झाले. पाळणा नव्हता, घुगऱ्या नव्हत्या, आणि बाळाने तर पन्नाशी ओलांडलेली होती. तरीही नाव ठेवण्यावरून जेवढी भवति न भवति त्या आठवड्यात झाली, तेवढी माझ्या दोन्ही मुलांच्या बारशांना मिळूनही झाली नव्हती.

वडील अकाली गेले तेव्हा, १९७४ साली, आईने इंदूरच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात मेतकूट, गोडा मसाला आणि थालीपिठाची भाजणी करून विकण्यास आरंभ केला. पाटीवर काय लिहू, असे रंगाऱ्याने विचारताच तिने एकच शब्द सांगितला, ‘सुगरण’. त्या पाटीने आम्हा तिघा भावंडांची शिक्षणे केली. पुढे ओळखीच्या घरांतली मुले नोकरीनिमित्त बंगळूर, हैदराबाद, दिल्ली अशी पांगली आणि भाजणीचे डबे त्यांच्यामागून टपालाने जाऊ लागले. आता आई ८३ वर्षांची आहे. फोनवर मागणी लिहून घेताना कधी पत्ता चुकतो, कधी माप राहून जाते. म्हणून सूनबाईने ठरविले की दुकानाचे संकेतस्थळ काढावयाचे.

संकेतस्थळ म्हटले की त्याला नाव हवे. संगणक एकमेकांना आकड्यांनी ओळखतात. माणसांच्या ध्यानात आकडे राहत नाहीत. म्हणून १९८३ साली पॉल मोकापेट्रिस या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञाने नावांची पद्धती आखली. या नावाला जणू नाव आणि आडनाव अशी दोन अंगे असतात. ‘डॉट कॉम’ हे आडनाव १९८५ पासून चालत आले आहे. आपल्या देशाचे ‘डॉट इन’ सर्वसामान्यांना सुलभपणे मिळू लागले ते २००५ पासून. जो प्रथम मागेल त्याला नाव मिळते, आणि एका आडनावाखाली एक नाव एकदाच देता येते. आपल्याकडे एका आळीत चार सुमती सुखाने नांदतात. येथे ती सोय नाही.

सूनबाईने ‘सुगरण’ घालून पाहिले. डॉट कॉम गेलेले, डॉट इनही गेलेले. रोमन लिपीत हा शब्द दोन रीतींनी लिहिता येतो, ‘जी’पुढे ‘ए’ घालून किंवा न घालता. दोन्ही रूपे कोणी ना कोणी घेऊन ठेवलेली. एका ठिकाणी तर नाव विक्रीस असल्याची सूचना होती, आणि मागितलेली किंमत आमच्या वर्षभराच्या प्राप्तीहून अधिक होती. मला मनस्वी संताप आला. आईच्या पन्नास वर्षांच्या कष्टांचे नाव आणि ते कोणी परक्याने बळकावावे!

मग घरात सूचनांचा पाऊस पडला. मुलगा म्हणाला, ‘डॉट नेट’ घ्या. पण आमच्या एका शेजाऱ्यांनी पूर्वी तेच केले होते. गिऱ्हाइके सवयीने ‘डॉट कॉम’ लिहीत आणि त्यांची पत्रे भलत्याच्याच पेटीत जाऊन पडत. धाकट्याने ‘डॉट टीव्ही’ सुचविले. चौकशीअंती कळले की दोन अक्षरांची आडनावे देशांना किंवा प्रदेशांना दिलेली असतात. ‘टीव्ही’ हे पॅसिफिक महासागरातील तुवालूचे, तर ‘एआय’ हे कॅरिबियन समुद्रातील अँग्विलाचे. भाजणी इंदूरची आणि आडनाव तुवालूचे, हे काही माझ्या मनास पटेना. तिसरी सूचना आली की शब्दाच्या मध्ये एक आडवी रेघ घालावी. तेव्हा आईने वडोदऱ्याच्या मावशीला फोन लावला आणि नाव तोंडी सांगून लिहून घेण्यास सांगितले. पलीकडून मावशीने विचारले, “ताई, रेघ शब्दाच्या खाली मारायची की डोक्यावर?” रेघेचा प्रश्न तेथेच निकालात निघाला.

देवनागरीतले ‘डॉट भारत’ मात्र मोकळे होते. २०१४ पासून हिंदी, मराठी, कोकणी इत्यादी भाषांत अशी नावे घेता येतात. आपल्या लिपीत आपले नाव पाहून आईचा चेहरा उजळला. तथापि आमच्या कित्येक गिऱ्हाइकांच्या मुलांना देवनागरी वाचता आली तरी टंकता येत नाही, आणि देवनागरी पत्त्याची ई-पत्रे अजून सर्वच ठिकाणी बिनतक्रार स्वीकारली जात नाहीत. तेवढ्या एकाच नावावर दुकान चालविणे शक्य नव्हते.

अखेर मुलगा म्हणाला, “बाबा, दावा लावू या.” मीही कागदपत्रे चाळली. २००४ साली सत्यम इन्फोवे यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला आहे की संकेतस्थळाच्या नावालाही व्यापारचिन्हासारखे संरक्षण मिळू शकते. ‘डॉट इन’ नावांच्या तंट्यांसाठी लवादाची निराळी व्यवस्थाही आहे. परंतु तेथे आपला त्या नावावरील हक्क दाखवावा लागतो, समोरच्याचा न्याय्य हक्क नाही हेही दाखवावे लागते, आणि त्याचा हेतू वाईट आहे हे सिद्ध करावे लागते. मी वकिलांना फोन करणार, तोच आई म्हणाली, “अरे, पण ते नाव घेतले आहे कोणी, ते तरी मला दाखव.”

इतक्या दिवसांत हे पाहण्याचे कोणालाच सुचले नव्हते. सूनबाईने ‘डॉट इन’चे पान उघडले. एका लहानशा गावातल्या दोन बहिणी चकल्या, कडबोळी आणि अनारसे करून विकत होत्या. पानाच्या तळाशी हार घातलेली एक तसबीर होती, त्यांच्या आईची. आईने चष्मा पुसून तो फोटो बराच वेळ पाहिला. मग म्हणाली, “अरे, सुगरण काय मी एकटीच का? पाटीवर तो शब्द लिहिला तेव्हा मी तरी कोणाला विचारले होते?”

माझा संताप तेथेच ओसरला. ‘सुगरण’ हा शब्द आम्ही घडविलेला नव्हता. हाताला चव असलेल्या प्रत्येक बाईला पिढ्यान्‌पिढ्या मिळत आलेले ते प्रशस्तिपत्र. आमचे स्वतःचे असे जे होते ते निराळे होते. ते म्हणजे इंदूरचे घर, आईचा हात आणि पन्नास वर्षांचा व्यवहार. मग नावात तेच का असू नये?

म्हणून ‘सुगरण’पुढे ‘इंदूर’ जोडून, मध्ये रेघ न घालता, ‘डॉट इन’ घेतले. इंदूरचे रोमन रूप रेल्वे स्थानकाच्या फलकावर साऱ्या देशाने वाचलेले आहे. ‘सुगरण’ची दोन्ही रूपे घेऊन ठेवली आणि देवनागरीतले ‘डॉट भारत’ही घेतले, कोणत्याही दाराने आले तरी माणूस त्याच ओसरीवर येतो. मावशीने या वेळी एकदा ऐकून नाव बिनचूक लिहिले.

या प्रसंगी शिकलेल्या दोन गोष्टी येथे नोंदवून ठेवतो. ही नावे विकत मिळत नाहीत. ती मुदतीने मिळतात, एका वेळी फार तर दहा वर्षांसाठी. नूतनीकरण विसरले तर नाव हातचे जाते, आणि पहिल्या वर्षीचा स्वस्त दर पुढे तसाच राहतो असे नाही. दुसरी गोष्ट, नोंदणी स्वतःच्या नावे आणि स्वतःच्या ई-पत्त्यावर करावी. संकेतस्थळ बांधून देणारा कितीही सज्जन असला तरी घराचा उतारा गवंड्याच्या नावे कोणी करीत नाही.

दिवाळीपूर्वी पुण्याहून एका बाईंचा फोन आला. त्यांना अनारसे हवे होते. त्या बहिणींच्या ऐवजी त्यांना आमचे पान सापडले होते. आई अनारसे उत्तम करते. मी अपेक्षेने तिच्याकडे पाहिले. तिने शांतपणे त्या बहिणींचा क्रमांक वाचून दाखविला आणि फोन ठेवला. आठ दिवसांनी त्या गावाहून फोन आला. थोरली बहीण बोलत होती. “आजी, आमच्याकडे कोणी भाजणी मागितली, तर तुमचा पत्ता देऊ ना?”